ओढलेला हँडब्रेक

आमच्या सोसायटीत गाडी लावायची एक पद्धत होती आणि ती मी मोडली. पुढचं सगळं त्यातून झालं.

इमारत चार मजली. खाली खांब आणि खांबांमध्ये गाड्या. ही इमारत उभी राहिली तेव्हा बोईसरमध्ये कारखान्यातल्या माणसाने स्कूटर घेतली तरी लोक पेढे मागायचे, त्यामुळे बिल्डरने जेमतेम आठ गाड्यांची जागा ठेवली होती. आता गाड्या चौदा. मग दोन रांगा केल्या. आतली रांग भिंतीकडे तोंड करून, बाहेरची तिच्या पाठीला पाठ लावून. आतल्याला निघायचं आहे आणि बाहेरचा कंपनीच्या बसने ड्युटीवर गेलाय, तर काय करायचं? म्हणून सगळ्यांनी गाडी लॉक करायची, पण न्यूट्रलमध्ये ठेवायची, हँडब्रेक सोडायचा आणि चाकाखाली वीट लावायची. ज्याला निघायचं असेल त्याने वीट सरकवायची, वॉचमनला हाक मारायची, दोघांनी गाडी ढकलायची. आमच्याकडे लग्नाला यायचं सोडून लोक आधी गाडी ढकलायला यायचे, असं माझी बायको म्हणायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

मी एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात होतो. तीस वर्षं लोकांना आग कशी लागते ते शिकवलं. रिटायर झालो आणि दोन महिन्यांत घरात बायकोला गॅस कसा बंद करायचा ते शिकवायला लागलो. तिने वैतागून मला सोसायटीचं सेक्रेटरी व्हायला लावलं. म्हणजे घरातली पीडा बिल्डिंगवर गेली.

त्याच वर्षी मी नवी गाडी घेतली. आयुष्यातली पहिली नवी कोरी. महिना झाला नसेल, एका सकाळी शेजारची गाडी विटेवरून सरकली आणि माझ्या दारावर हातभर ओरखडा उठला. ओरखडा तो, पण मी काय आकांडतांडव केलं म्हणून सांगू. सभा बोलावली. उतारावरची न्यूट्रल गाडी म्हणजे मोकाट सुटलेला बैल, उद्या मूल चिरडेल, असं म्हणालो. मूल हा शब्द काढला की आपल्याकडे सभेत कुणी बोलत नाही, हे मला माहीत होतं. ठराव झाला. मी स्वतःच्या हाताने नोटीस लिहिली आणि जिन्याखालच्या काचेच्या पेटीत लावली: गाडी गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक पूर्ण ओढावा, न ओढल्यास दंड. खाली माझी सही, चांगली लफ्फेदार.

एक म्हातारे गृहस्थ सभेत एवढंच म्हणाले, "अहो, पण मग ढकलायची कशी?" मी म्हणालो, "ढकलायचीच नाही. फोन करायचा." सगळे हसले, मीही हसलो.

आता तिच्याबद्दल सांगतो. आमच्याच दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी बाई, मासवणची. नवऱ्याची तिकडे डोंगराकडेला थोडी शेती, पावसावरची. मुलींच्या शाळेसाठी ती बोईसरला येऊन राहिली आणि आधी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. एक दिवस माझ्या दारात येऊन उभी राहिली. "दादा, तुमी मला गाडी शिकवाल का? शाळेच्या व्हॅनला बाईमाणूस हाय म्हटलं का आया लगेच पोरी पाठवतील." मी कौतुक करावं असा माणूस नाही, पण हे ऐकून मला आवडलं. रविवारी एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर मी तिला माझ्या जुन्या गाडीवर शिकवलं. ओरडलो किती, त्याला गणती नाही. ती एकदाही रडली नाही. एकदाच म्हणाली, "आमच्या बैलावर पण एवढं कोणी वरडत नाय."

क्लच, गिअर हे कुणीही शिकवतं. मी तिला गाडी उभी कशी करायची ते शिकवलं. गिअर टाक, हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढ, काचा वर, गाडी गॅसची असेल तर गॅसचा कॉक बंद, लॉक, आणि मग एकदा मागे येऊन लॉक ओढून बघ. "देवाला हात जोडायचे राहिले तरी चालतील, हे राहता कामा नये." ती दर वेळी हे तोंडाने म्हणत करायची, पाढे म्हणावेत तसं.

तिने जुनी गॅसवरची व्हॅन घेतली. सिटांना स्वतः खोळी शिवल्या, दप्तरं अडकवायला दोन्ही बाजूंना आकडे लावून घेतले. तारापूरच्या वसाहतीतली आणि आमच्या भागातली मिळून पोरं ने-आण करायची. कँटीन सुटलं. त्या व्हॅनवर दोन्ही मुलींची शाळा, खोलीचं भाडं, मासवणच्या घरावरचे पत्रे, सगळं होतं. ती आतल्या रांगेत लावायची आणि तिच्यामागे मी, कारण मी घरीच असतो, केव्हाही हाक मारली की गाडी काढून देतो. अशी आमची जोडी होती.

मे महिना होता. शाळा बंद, म्हणून ती मुलींना घेऊन मासवणला गेली होती. जाताना व्हॅन पुसून, जागेवर लावून, माझ्या दारावर टकटक करून म्हणाली, "दादा, सगळं केलं. वढला." हँडब्रेक ओढला, असं. हे ती नेहमीच सांगायची. मी नेहमीसारखं "ठीक आहे" म्हणालो आणि पेपर वाचत राहिलो.

तीन-चार दिवसांनी, दुपारी अडीचच्या सुमाराला, वॉचमन खालून ओरडला. मी बाल्कनीतून वाकून बघितलं तर पार्किंगमधून काळा धूर निघत होता, आणि रबराचा वास. तीस वर्षं ज्या वासाबद्दल बोललो तो माझ्या घराखालून येत होता. मी बायकोला म्हणालो, सगळ्यांची दारं वाजव, पलीकडच्या जिन्याने उतरा, लिफ्ट नको. तेवढं मात्र तिने चोख केलं. माणसांना काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते एका गाडीबद्दल आहे आणि कुणाला वाटेल, गाडीसाठी काय एवढं.

आतल्या रांगेत कोपऱ्यात एक गाडी कव्हर घालून महिनोन् महिने उभी असायची. मालक आखातात. तिच्या बॉनेटमधून जाळ येत होता. कशाने लागली ते शेवटपर्यंत कळलं नाही. उंदरांनी वायर कुरतडली म्हणाले, बॅटरी म्हणाले, तोंडाला येईल ते म्हणाले. कव्हर पेटलं होतं आणि त्याचे जळते थेंब खाली टपटपत होते. तिच्या बाजूला एक पांढरी गाडी. पांढरीच्या बाजूला व्हॅन. मध्ये अंतर वीतभर.

आग एका गाडीतून दुसरीत उडी मारून जाते असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ती आधी नुसती तापवते. वर स्लॅब बुटका असला की धग वर जाऊ शकत नाही, ती आडवी पसरते. शेजारच्या गाडीचा आरसा मऊ होऊन मान टाकतो, लाइटची काच वितळते, बंपर ओघळतो, टायरातून धूर यायला लागतो. गाडी पेटलेली नसते, पण पेटायला तयार झालेली असते. मग एकदम पेटते. हे मी कारखान्यात स्लाइडवर दाखवायचो आणि विचारायचो, "अशा वेळी काय करायचं?" पोरं एका सुरात म्हणायची, "पुढची गाडी काढून घ्यायची, सर." मी म्हणायचो, "शाब्बास."

मी नळकांडं उचललं. आग विझवायचं एकच नळकांडं होतं, पावडरचं. मारलं, जाळ बसला, पावडर संपली, आणि कव्हराच्या घडीतून जाळ परत उठला. पाण्याची पाइप असलेली लाल पेटी उघडली. आत केरसुण्या आणि कुणाचा तरी फुटका माठ. ते बाहेर फेकून पाइप ओढली, चाक फिरवलं. पाइपने एक उचकी दिली आणि थांबली. टाकी रिकामी होती. मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो आणि तो चार वाजता येणार होता. सेक्रेटरी कोण? मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. कोरडे या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी नीट समजला.

मग म्हटलं, गाड्या काढा. पहिली माझी, कारण ती व्हॅनच्या मागे होती. किल्ली माझ्या खिशात होती. मी माझी गाडी सरळ गेटबाहेर काढली आणि रस्त्यापलीकडे लावली. आणि तिथेही, काय सांगू, हात आपोआप गेला आणि मी हँडब्रेक ओढला.

परत आलो तर पाच जण व्हॅनला लागले होते. वॉचमन, कोपऱ्यावरचा किराणावाला, एक रिक्षावाला, दुसऱ्या पाळीला निघालेले दोघे. व्हॅनच्या मागे आता पूर्ण मोकळं होतं. उतारही गेटाच्या बाजूलाच. न्यूट्रलमध्ये असती तर एका माणसाने ओढली असती तरी आली असती. पाच जण मागचं दार, बंपर, खिडकीची कड, जे हाताला लागेल ते धरून ओढत होते आणि व्हॅन नुसती झुलत होती. चाकं जमिनीला चिकटलेली. मी सहावा लागलो. वॉचमन म्हणाला, "साहब, हिल नहीं रही. ब्रेक लगा है."

मला ठाऊक होतं ब्रेक लागलाय. शेवटच्या दातापर्यंत लागलाय. मीच तिला दात मोजायला शिकवले होते.

तोवर पांढऱ्या गाडीचं मागचं टायर फुटलं. पांढरी आतून पेटली आणि तिच्या धगीने व्हॅनच्या त्या बाजूचा रंग पापडासारखा फुगायला लागला. रिक्षावाल्याने दगड आणून ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली. दार उघडायचं, ब्रेक सोडायचा, गिअर काढायचा, दहा सेकंदांचं काम. वॉचमनने हात आत घातला. लॉक हाताला लागेना, आतून धूर भपकन बाहेर आला, आणि माझं लक्ष मागच्या सिटाखाली गेलं, जिथे गॅसची टाकी होती.

मी त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं. "हटा सगळे. गेटबाहेर. गॅसची गाडी आहे." रिक्षावाला म्हणाला, "एक मिनिट, साहेब, होतंय." मी त्याला शिवी घातली. माणूस आधी, वस्तू नंतर, हे मी हजार वेळा शिकवलंय आणि आजही तेच शिकवीन. पण त्याला एक मिनिट दिलं असतं तर व्हॅन निघाली असती का? निघाली असती. किंवा तो मेला असता. दोन्ही मी रोज करून बघतो मनात.

एमआयडीसीची आगीची गाडी आमच्यापासून लांब नाही. पण पावणेतीन म्हणजे पाळी बदलायची वेळ. कंपन्यांच्या बसगाड्या एकीमागे एक, मध्ये रिक्षा, सगळ्यांना घाई. बंबाची घंटा आम्हाला ऐकू येत होती, पण ती एकाच ठिकाणाहून ऐकू येत होती. आम्ही पंधरा-वीस जण रस्त्यावर उभे राहून आपल्याच घराखालचा जाळ बघत होतो. कुणी बादल्या मागत होता, कुणी मोबाइल वर धरून शूटिंग घेत होता. मला दोन हात होते आणि त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं.

मग व्हॅन पेटली. आधी तिने शिवलेल्या खोळी. थोड्या वेळाने टाकीचा सेफ्टी प्लग उडाला आणि गॅसचा जाळ आडवा सुटला, कानठळ्या बसवणारा, तो थेट पलीकडच्या गाडीवर. टाकी फुटली नाही, गॅस जसा सुटायला पाहिजे तसा सुटला. ते पण मी स्लाइडवर दाखवायचो. बंब आला तेव्हा आतल्या रांगेतल्या चार गाड्या गेल्या होत्या. बाहेर रस्त्यापलीकडे माझी गाडी तेवढी धडधाकट उभी.

फोन मीच केला. मासवणला तिच्या घराकडे रेंज येते-जाते. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा मी म्हणालो, "ये, व्हॅनला आग लागली." ती म्हणाली, "आमी येतो." बाकी काही विचारलं नाही. संध्याकाळी सहाच्या आत ती नवऱ्याबरोबर मोटारसायकलवर आली.

खाली राख, काळं पाणी, आणि वास. लोक घोळक्याने उभे. ती आली तसा घोळका थोडा फाकला आणि त्यातलंच कुणीतरी, हळू नाही, तिला ऐकू जाईल असं म्हणालं, "गॅसची गाडी होती म्हणून पसरली. नाहीतर दोन गाड्यांवर भागलं असतं." ती थबकली. मग सरळ व्हॅनपाशी गेली. व्हॅन म्हणजे आता पत्र्याचा सांगाडा. आकड्यांपैकी दोन-तीन शाबूत होते. तिने ड्रायव्हरच्या बाजूने आत वाकून बघितलं आणि मला हाक मारली.

"दादा, हे बघा."

मी वाकलो. सीट नव्हती, स्टिअरिंगची नुसती सळई होती. आणि दोन सिटांच्या मधल्या जागी हँडब्रेकची लोखंडी दांडी, वरचं प्लास्टिक वितळून गेलेलं, पण दांडी वर. पूर्ण वर ओढलेली.

"वढलेलाच हाय," ती म्हणाली. "गिअरमधी पण टाकलेली. गॅसचा कॉक पण बंद केलेला, मी दोनदा बघितला. माझी काय चूक नाय ना, दादा? तुमी सांगितल्यावानी सगळं केलं होतं."

तिच्या व्हॅनचा विमा दुसऱ्याच्या नुकसानाचा होता, स्वतःच्या गाडीचा नव्हता. धंदा तिचा गेला होता. आणि ती एवढंच विचारत होती की चूक तिची नाही ना. मला वाटलं, आत्ता सांगावं. बाई गं, तू ऐकलं नसतंस माझं तर आज व्हॅन रस्त्यावर उभी असती. माझ्या दारावरच्या एका ओरखड्यापायी मी ही सगळ्यांची पद्धत मोडली. पण ती त्या दांडीकडे खात्रीने बोट दाखवत होती. मी म्हणालो, "नाही. तुझी काही चूक नाही." तिने डोळे पुसले. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "बघा, दादा पण बोलतात."

आठवड्याने सभा झाली. मी उभा राहून बोललो. नियम माझा होता, गाड्या हलल्या नाहीत त्या माझ्यामुळे, टाकी रिकामी राहिली तीही माझ्यामुळे, राजीनामा घ्या. मला वाटलं होतं, लोक तुटून पडतील. पडायला हवे होते. तर म्हणतात, "अहो, तुम्ही चांगल्यासाठीच केलं, साहेब. मनाला लावून घेऊ नका." राजीनामा कुणी हातात घेतला नाही. आणि पाच मिनिटांत ठराव झाला की यापुढे गॅसवरच्या गाड्या बिल्डिंगखाली लावायच्या नाहीत. मी विरोधात हात वर केला. माझा एकट्याचा. ती भाडेकरू, तिला सभेत बसायचा हक्क नव्हता. ठराव तिला कळवायचं काम सेक्रेटरीचं. ते मी केलं. ती म्हणाली, "बरं. त्यांचं पण बरोबर हाय."

आता तिथे चौकटीत अंतर सोडून आठच गाड्या लागतात, टाकी निम्म्याखाली जात नाही, नळकांडी सहा आहेत. लाल पेटीत कुणी केरसुणी ठेवली तर मी अंगावर जातो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. जिन्याखालची नोटीस मी काढायला गेलो होतो. काच तडकलेली, कागद धुराने पिवळा, सही मात्र स्पष्ट. ती तशीच राहू दिली.

जूनमध्ये शाळा उघडल्या. तिने दुसऱ्या कुणाची तरी व्हॅन चालवायला घेतली आहे, त्यामुळे मालक तो आणि ड्रायव्हर ती. ती व्हॅनही गॅसचीच. दुपारी पोरं सोडून आली की ती समोर रस्त्याच्या कडेला, उन्हात लावते. जागा चांगली मोकळी आहे, मागेपुढे कुणी नाही. मी त्या वेळेला बाल्कनीत असतो. नसलो तरी बरं होईल, पण असतो.

ती काचा वर करते, कॉक बंद करते, लॉक लावते, दोन पावलं चालून मागे येते आणि लॉक ओढून बघते. मग वर माझ्याकडे बघते आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "वढला, दादा."

मी हात वर करतो.